किल्ल्याची कडी

‘इंग्रजाचं घर म्हणजे त्याचा किल्ला’ ही म्हण आम्हाला आठवीत होती. सरांनी ‘आपलं घर, आपला थाट’ असं काहीसं सांगून पान उलटलं. त्यामुळं मी कितीतरी वर्षं ती थाटामाटाचीच समजत होतो. निघाली ती दाराची! 1604 साली लंडनच्या एका खटल्यात ठरलं, की खाजगी देणं वसूल करायला शेरीफनं, म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणाऱ्या अंमलदारानं, कुणाच्या घराचं दार फोडायचं नाही. राजाचं काम असलं, तरी आधी कारण सांगून दार उघडायला सांगायचं. पुढं 1763 मध्ये सायडरवरच्या कराचा वाद पेटला. सफरचंदाची दारू गाळणाऱ्याच्या घरात करवाले शिरणार, हे दुखणं. तेव्हा थोरला विल्यम पिट हा पुढारी पार्लमेंटात म्हणाला, गरिबाच्या झोपडीत वारा शिरेल, पाऊस शिरेल, पण इंग्लंडचा राजा शिरू शकत नाही.

पावसापर्यंत आमचं जुळतं. बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर कौलारू. जुलैत माजघरात घंगाळ, पितळी डबा आणि प्लास्टिकची बादली अशी तीन ठाणी बसतात. तिघांचा सूर वेगळा; बादलीचा सगळ्यात बेसूर.

पुढचं मात्र बिनसतं. दाराला कडी आहे, पण ती लागते रात्री दहाला. समोरच्या अक्का चपला काढता काढताच “हेप्पु कोडरी”, म्हणजे विरजण द्या, म्हणत थेट स्वयंपाकघरात. आई मराठीत विचारते, “कालचं विरजण लागलं नाही काय ओ?” अक्का कन्नडमध्ये दुधाला नावं ठेवतात. दोघींनी एकमेकींची भाषा बोलायचे कष्ट कधी घेतले नाहीत, आणि अडलंही नाही. अक्कांनी कडी वाजवली असती, तर आई घाबरलीच असती. आमच्याकडं कडी वाजवतो तो मीटरवाला, नाही तर कोण तरी गेल्याचा निरोप.

खरा किल्ला होतो तो दिवाळीत, अंगणात. यंदा पोरांनी येळ्ळूरचा राजहंसगड केला. दगड, लाल माती, वर मोहरी पेरून हिरवळ. थोरल्यानं काड्यापेटीचं दार लावलं, धाकटीनं ते उपटलं.

“बंद केल्यावर मावळे आत कसे जायचे रे?”

दुपारी त्या उघड्या दारातून अक्कांचं मांजर गडावर चढलं, दोन मावळे आडवे केले आणि मोहरीवर ताणून दिली. पोरांचा आरडाओरडा ऐकून अक्का आल्या. एका हातानं त्यांनी मांजर उचललं. दुसऱ्या हातात आमचीच विरजणाची वाटी होती, डिंक-सुक्यामेव्याच्या करदंटानं भरलेली.