माइक कुठे होता?

पहिला महागडा शॉटगन, म्हणजे लांब नळीचा माइक, घेतला तेव्हा तीन दिवस तो नुसता हातात घेऊन बघत बसले होते. माझ्या कॉलर माइकच्या वीसपट किंमत. एवढे पैसे मोजलेत म्हटल्यावर आवाज आपसूक चांगला येणार, अशी माझी बाळबोध समजूत.

पहिलंच काम मुलाखतीचं. खाली फरशी, तीन बाजूंना उघड्या भिंती, चौथीला काच. माइक ऐटीत कॅमेऱ्याच्या डोक्यावर चढवला, बाईंना चार फुटांवर बसवलं आणि तासभर शूट करून आले. रात्री एडिटरचा फोन.

“ताई, माइक कुठे होता?”

“कॅमेऱ्यावर.”

“आणि बाई विहिरीत होत्या का?”

मी जरा ठसक्यात माइकचं मॉडेल सांगितलं. तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, “असला माइक असून तो तोंडाजवळ का नव्हता?”

सोनारानेच कान टोचले म्हणायचे.

त्या रात्री फाइल पुन्हा पुन्हा ऐकली. गणित साधं आहे. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. एक फुटावरून चार फुटांवर गेलात की १२ डेसिबल गेले. ते भरून काढायला गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी, वाढवायचा, तर भिंतीवरून परतणारा घुमारा, पंखा, शेजारच्या खोलीतली खुर्ची, सगळंच वर येतं. खोलीचा आवाज काही तुमच्यासोबत चार फूट मागे सरत नाही.

त्यात शॉटगनची स्वतःची एक खोड. त्याच्या लांब नळीला बाजूने खाचा असतात. बाजूचा आवाज त्यांतून थोडा थोडा पुढेमागे आत शिरतो आणि एकमेकाला कापतो. पण हे जमतं ते वरच्या पट्टीच्या आवाजांपुरतं. २५ सेंटीमीटरची नळी असेल तर त्याहून लांब लहरींवर, म्हणजे साधारण १४०० हर्ट्झच्या खाली, तिचा फारसा अंमल चालत नाही. मोकळ्यावर हे खपून जातं. छोट्या घुमणाऱ्या खोलीत मात्र परतणारे आवाज चहूकडून येतात, त्यांतले काही कापले जातात, काही नाही, आणि माणूस पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. अशा खोलीत आखूड हायपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारा माइक, बरा. नाहीतर सरळ कॉलर माइक, हनुवटीखाली एक वीत.

मग माझीच खोड मोडावी म्हणून मी एक प्रयोग केला. रजया टांगलेल्या खोलीत, तोंडापासून सारख्याच अंतरावर तीन माइक लावले: स्वस्त कॉलर, मधल्या किमतीचा शॉटगन आणि हे माझं रत्न. तिघांची पातळी जुळवली, फाइलींना एक, दोन, तीन अशी नावं दिली आणि एडिटरला विचारलं, महाग कोणता? त्याने बेधडक मधल्यावर बोट ठेवलं. कॉलरची फाइल जरा दबकी होती, छातीवर लावलेल्या माइकला वरची धार कमीच मिळते. तीही त्याने थोडी वर उचलून दिली आणि विषय संपला.

माइकच्या माहितीपत्रकात ‘सेल्फ नॉइज’चा, म्हणजे माइकच्या स्वतःच्या खरखरीचा, आकडा असतो, त्यावरून लोक हमरीतुमरीवर येतात. एकाचा १२ डेसिबल, दुसऱ्याचा २०. अहो, आपण जिला शांत म्हणतो ती खोलीच ३० च्या आसपास असते! जवळून बोलणाऱ्या माणसाच्या रेकॉर्डिंगमध्ये हा फरक कुठल्या कुठे बुडून जातो. पानांची सळसळ किंवा कुजबुज टिपायची असेल तर गोष्ट वेगळी.

आणि स्वस्त म्हणजे टाकाऊ असंही नाही. कॉलर माइकमध्ये बहुतेक वेळा इलेक्ट्रेट कॅप्सूल असते; कॅप्सूल म्हणजे माइकचा आवाज पकडणारा भाग. १९६२ साली बेल लॅब्समध्ये गेरहार्ट सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी ती युक्ती काढली: विद्युतभार पडद्यातच कायमचा मुरवून ठेवायचा. एवढ्याशा मण्यातून एवढा नीट आवाज येतो तो त्यामुळे.

तरी माझं रत्न मी विकलेलं नाही. पैसे कुठे गेले ते दोनदा कळलं.

एकदा बोलणारा माणूस सारखा मान वळवत होता, अर्धं उत्तर खिडकीला देत होता. बूम, म्हणजे माइक लावलेली लांब काठी, धरणाऱ्या पोराचा हातही दमला होता. मधल्या शॉटगनवर असा माणूस रेषेबाहेर गेला की त्याचा आवाजच बदलतो, एकदम पत्र्याचा होतो. माझ्या माइकवर तो फक्त थोडा हळू झाला. हळू झालेलं वर आणता येतं, पत्रा झालेलं काही येत नाही.

दुसऱ्यांदा तळ्याकाठी, पहाटे, धुक्यात. मधल्या शॉटगनने अर्ध्या तासात चुरचुर सुरू केली. साध्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे विद्युतभारावर चालणाऱ्या माइकमध्ये, ओल शिरली की कॅप्सूलवरचा भार झिरपतो आणि तो झिरपतानाचा आवाजही रेकॉर्ड होतो. सेनहायझरच्या एमकेएच ४१६ सारख्या माइकमध्ये कॅप्सूल उच्च वारंवारतेच्या सर्किटचा भाग असते, त्यामुळे दमट हवेचा त्यांना फारसा त्रास होत नाही. सिनेमावाल्यांनी ४१६ ला दशकानुदशकं धरून ठेवलंय ते काही उगाच नाही. माझा माइक त्याच जातकुळीचा. केसाळ कव्हर ओलं गच्च झालं, पण आत सगळं ठीक.

तेव्हा उघड्यावर, ओलीत, दुसरा टेक मिळणार नाही अशा जागी तुमचं नेहमीचं काम असेल तर घ्या, बिनधास्त घ्या. घरात बसलेल्या माणसाशी बोलायचं असेल तर आधी बूमची काठी, स्टँड आणि कान झाकणारे हेडफोन. परवा एकाने विचारलं, कोणता माइक घेऊ? मी म्हटलं, हेडफोन कुठले वापरतोस? तर म्हणे, वापरत नाही, स्क्रीनवरचे पट्टे बघतो. पट्टे काय, फ्रिज घरघरला तरी हलतात.

फ्रिजवरून आठवलं. शूटच्या आधी तो बंद करायचा आणि गाडीची किल्ली आतच ठेवायची, म्हणजे निघताना चालू करायचं विसरत नाही. ही ध्वनीवाल्यांची जुनी युक्ती, फुकटची. मी एकदा किल्ली आठवणीने काढून घेतली आणि फ्रिज मात्र तसाच ठेवून आले. त्या घरून पुन्हा बोलावणं आलेलं नाही.