तुम्ही विचारलंत म्हणून : कुत्रा, पट्टा आणि शेजाऱ्याचं लॉन

"कुत्र्याने शेजाऱ्याच्या लॉनवर शी केली आणि आपण ती लगेच उचलली, म्हणजे झालं ना?" हा प्रश्न मला इथे न्यू जर्सीत सारखा विचारला जातो. विचारणारे बहुतेक अपार्टमेंटमधून नुकतेच स्वतःच्या घरात गेलेले असतात आणि मुलांच्या हट्टापायी त्यांनी कुत्रं आणलेलं असतं. नाहीतर मग त्यांचे आईवडील असतात. सहा महिन्यांसाठी पुण्या-नाशकाहून आलेले, आणि मुलगा-सून मीटिंगमध्ये अडकले की पट्टा ज्यांच्या हातात येतो ते. त्यांचा प्रश्न जरा वेगळा असतो : "अहो, इथे कुणाला कुंपणच नाही. हद्द कळायची कशी?"

आजोबांचा प्रश्न जास्त मुळातला आहे, म्हणून आधी तो.

अमेरिकन उपनगरातली ही बिनकुंपणाची अंगणं आपोआप झालेली नाहीत. शिकागोजवळच्या रिव्हरसाइड वसाहतीचा आराखडा १८६९ च्या सुमारास फ्रेडरिक लॉ ओमस्टेड या उद्यानरचनाकाराने केला, तेव्हा घरं रस्त्यापासून ३० फूट मागे बांधायची असं ठरलं. पुढची मोकळी जागा म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याला दिसणारी सलग हिरवळ. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन ही वसाहत उभी राहिली, तिथे तर कुंपण घालायला मनाई होती आणि गवत वेळच्या वेळी कापण्याची अट होती. म्हणजे मालकाने हिरवळ राखायची, पैसे ओतायचे, घाम गाळायचा आणि अडवायचं मात्र कुणालाच नाही. कुंपण नाही ते सगळ्यांना बघता यावं म्हणून, कुत्र्याला चरायला सोडता यावं म्हणून नव्हे.

हद्द ओळखायची सोपी रीत : घराकडून रस्त्याकडे बघा. आधी लॉन, मग फुटपाथ, मग बऱ्याच ठिकाणी गवताची एक अरुंद पट्टी आणि मग रस्ता. ही पट्टी सहसा गावाच्या हक्कात येते, पण गवत कापायचं काम समोरच्या घरमालकाकडेच. कुत्र्याचा कार्यक्रम उरकायचा तर या पट्टीत. त्यातही कुणी तिथे फुलझाडं लावली असतील, तर मी पुढे चालते. कायदा काय म्हणतो ते बाजूला ठेवा, ज्याने गुडघे टेकून झेंडू लावलेत त्याच्याशी हुज्जत घालायला कोण जाणार?

आता "उचललं की झालं". नाही झालं, कारण शू उचलता येत नाही.

आमच्या शेजारचे आजोबा निवृत्त आहेत. एप्रिलमध्ये पिवळी फोर्सिथिया फुलली की ते तणनाशकाचे दाणे टाकायला बाहेर पडतात, तण उगवायच्या आधी. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर नवं बी पेरतात आणि त्यावर वाळलेला पेंढा पसरतात. एकदा त्यांनी मला हाक मारून लॉनवरचा डाग दाखवला. मधे ताटलीएवढं गवत वाळून पेंढ्यासारखं झालेलं, आणि भोवती गर्द हिरवं कडं, बाकीच्या गवताहून उंच. कुत्र्याच्या खाण्यात प्रथिनं भरपूर, त्यामुळे शूमध्ये युरिया, म्हणजे नायट्रोजन, आणि जोडीला क्षार. मधे तो भडिमार होतो म्हणून गवत जळतं. कडेला तेच पातळ होऊन पोचतं, म्हणून तिथे खत घातल्यासारखं तरारतं.

"कुत्रीची शू जास्त कडक असते" हे मी आपल्या मंडळींकडूनही ऐकलंय. तसं काही नाही. नर पाय वर करून या खांबाला थोडी, त्या झुडपाला थोडी अशी वाटत जातो. मादी आणि लहान पिल्लं बसून सगळी एकाच जागी करतात. आमची बर्फी मादीच आहे, त्यामुळे हा आरोप मला घरचाच वाटतो. शूची आंबटता कमी करायला म्हणून कुत्र्याला टोमॅटोचा रस पाजण्याचा उपाय कुणी सुचवला तर कानाआड करा. दोष आंबटपणाचा नाहीच, नायट्रोजनचा आहे. उपाय एकच, लगेच भरपूर पाणी ओतणं. मी फिरायला जाताना पाण्याची बाटली घेते ती माझ्यासाठी कमी आणि चुकून कुणाच्या गवतावर बसलेल्या बर्फीसाठी जास्त.

त्यामुळे माझा नियम असा : घरांसमोरून जाताना पट्टा आखूड आणि चारही पाय फुटपाथवर. तो गुंडाळणारा लांब दोरीचा पट्टा, ज्यात आपण फुटपाथवर फोनवर बोलत असतो आणि कुत्रं लोकांच्या खिडकीखाली पोचलेलं असतं, तो मैदानावर वापरा.

शी उचलण्याबद्दल मात्र प्रश्नच नाही. याच राज्यातल्या नटली गावाने १९७१ मध्येच तसा नियम केला. न्यूयॉर्क शहरात १ ऑगस्ट १९७८ पासून कायदा लागू झाला. त्याआधी तिथे कुत्र्याला रस्त्याच्या कडेला न्या, एवढीच अपेक्षा होती. आणि हे निव्वळ स्वच्छतेचं सोंग नाही. आमच्याकडे रस्त्यावरच्या जाळीतून पावसाचं पाणी बहुतेक ठिकाणी कुठल्याही शुद्धीकरणाशिवाय थेट ओढ्यात जातं. जाळीशेजारी माशाचं चित्र असतं ते त्यासाठीच. जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि त्याच मातीत पोरं खेळतात. "शेणखत होतं की!" म्हणणाऱ्या आजोबांना मी सांगते, गाय गवत खाते, हे साहेब चिकन खातात.

पिशवी कुठे टाकायची? घरी आणून आपल्या डब्यात. दुसऱ्याचा डबा कचऱ्याच्या दिवशी रस्त्यावर उभा असला तरी त्यात नाही. गाडी डबा उलटा करते तेव्हा मोठ्या पिशव्या पडतात, ही इवलीशी तळाला चिकटून बसते आणि जुलैच्या उन्हात आठवडाभर त्या माणसाच्या गॅरेजमध्ये शिजते. यावर लोक माझ्याशी वाद घालतात. घालू देत.

आणखी एक गोष्ट, जी कुत्र्याच्याच भल्याची आहे. लॉनवर काडीला लावलेली छोटी पाटी दिसली, तर तिथे नुकतीच औषधाची फवारणी झालेली आहे. कुत्रं तिथून चाललं की पायाला लागतं, आणि घरी येऊन ते पाय चाटत बसतं. अशा वेळी मी सरळ रस्ता ओलांडते.

शेवटी उलटा प्रश्नही येतो : दुसऱ्याचं कुत्रं आपल्या लॉनवर येत असेल तर? दारावरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ सगळ्या गल्लीला पाठवू नका आणि 'इथे कुत्रं नको' सांगणारी ती बसलेल्या कुत्र्याच्या चित्राची पाटीही आधी लावू नका. माणसाला गाठा आणि हसून सांगा. आमच्याकडे एक गृहस्थ रोज सकाळी त्यांचं बीगल आमच्या मेलबॉक्सखाली थांबवायचे. मी चहाचा कप घेऊन बाहेर गेले, कुत्र्याचं नाव विचारलं, मग ते पिवळं वर्तुळ दाखवलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. तेव्हापासून ते समोरच्या बाजूने जातात. समोर राहणाऱ्यांनी चहा घेऊन बाहेर यायचं की नाही, ते त्यांचं त्यांनी बघावं.