मलेरियाची स्लाइड वाचायला मी कशी शिकले

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की मला मलेरियाचा परजीवी नीट ओळखता येत नाही. पीसीआर येत होतं, सिक्वेन्सिंग येत होतं, परजीवीच्या के-13 जनुकातले, औषधाला दाद न देण्याशी जोडलेले बदल शोधण्यावर परिषदेत पोस्टरही लावून झालं होतं. पण रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून समोर ठेवला, तर त्यात काय आहे हे छातीठोकपणे सांगायची माझी तयारी नव्हती. मलेरियावर संशोधन करायचं ठरवणारी बरीच मुलं-मुली मला विचारतात, सुरुवात कुठून करायची? मी सांगते, मायक्रोस्कोपपासून. का, ते लिहायचं म्हणून हे लिहिते आहे.

आमचा प्रकल्प गडचिरोली जिल्ह्यात होता. महाराष्ट्रातल्या मलेरियाचा, म्हणजे सरकारी कागदावरच्या हिवतापाचा, मोठा भार वर्षानुवर्षं याच जिल्ह्याने वाहिला आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांतली जंगलं, ओढे आणि भातशेती डासांना मानवते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, आणि तापाचे दिवसही नेमके तेच. आम्ही पाहत होतो औषधाची परिणामकारकता. फॅल्सिपेरमच्या, म्हणजे मलेरियाच्या सगळ्यांत घातक जातीच्या, रुग्णाला आर्टेसुनेट आणि एसपी ही औषधांची जोडी द्यायची आणि ती अजून पूर्वीसारखं काम करते का, हे तपासायचं. औषध सुरू होतो तो दिवस ‘डे झीरो’. मग पहिला, दुसरा, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा आणि अठ्ठाविसावा दिवस. दर वेळी रुग्णापर्यंत पोचायचं, बोट टोचायचं, स्लाइड करायची.

रॅपिड टेस्ट असताना स्लाइड कशाला, असं मलाही वाटायचं. पण फॅल्सिपेरमसाठी रॅपिड टेस्ट जे प्रथिन शोधते, ते परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहू शकतं. रुग्ण बरा झाला तरी पट्टीवर रेघ उमटते. औषधाने काम केलं की नाही, हे त्या रेघेवरून ठरवता येत नाही. जिवंत परजीवी उरला आहे का, हे स्लाइडमध्येच पाहावं लागतं.

एका पाच वर्षांच्या मुलाची तिसऱ्या दिवसाची स्लाइड मी वाचत होते. 500 पांढऱ्या पेशी मोजून झाल्या आणि एका फील्डमध्ये, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या गोलात, एक छोटी जांभळी कडी दिसली. हिशोब सोपा असतो: मोजलेले परजीवी भागिले मोजलेल्या पांढऱ्या पेशी, गुणिले 8,000. माझा आकडा आला 16, म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तात 16 परजीवी. मी ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं आणि पोटात गोळा आला. तिसऱ्या दिवशीही परजीवी दिसणं हा आर्टेमिसिनिनला (आर्टेसुनेट याच गटातलं) प्रतिकार वाढत असल्याचा संशय घेण्याजोगा इशारा मानतात. एका मुलावरून काहीच सिद्ध होत नाही, पण असे मूठभर जमले की कागद वरपर्यंत जातात.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या लॅब टेक्निशियनना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. पंचवीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. आशाताई आणि आरोग्य सेवक गावोगावचे रक्तनमुने आणायचे आणि भाऊ ते वाचायचे. आमच्या अभ्यासात त्यांचं काही काम नव्हतं. संध्याकाळी मी ती स्लाइड त्यांच्या मायक्रोस्कोपखाली ठेवली. त्यांनी फाइन फोकस पुढे-मागे केला, एकदाच.

“मॅडम, हे प्लेटलेट आहे जी.”

“पण कडीसारखं दिसतंय.”

“लाल पायजे, निळा पायजे. लाल ठिपका आणि त्याला लागून निळा. दोन्ही नसन तं परजीवी नाही. हा नुसता जांभळा आहे.”

मी परत पाहिलं. खरंच नुसता जांभळा होता, कडा दाणेदार. तरी मी नोंद बदलली नाही. एकदा वाचन लिहिलं की दुसऱ्याला विचारून ते बदलायचं नसतं, म्हणून तर दोन वाचक एकमेकांपासून लांब ठेवलेले असतात. दुसऱ्या वाचकाने निगेटिव्ह दिलं. दोघांत फरक पडला की तिसऱ्याकडे जातं, त्यानेही निगेटिव्ह दिलं. अंतिम निकाल बरोबर लागला. पण त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्यासारखे दोन वाचक एकाच स्लाइडवर बसले असते तर?

मार्गदर्शकांनी सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने मलेरिया मायक्रोस्कोपिस्टची परीक्षा होते, ती दे. पाच दिवस, 56 स्लाइड्स, एका स्लाइडला दहा मिनिटं. तीन गोष्टी तपासतात: परजीवी आहे की नाही, असेल तर कुठल्या जातीचा आणि किती. पहिली पातळी, म्हणजे एक्सपर्ट, हवी असेल तर पहिल्या दोन्हींत 90 टक्के लागतात, आणि मोजणीत निम्म्या स्लाइड्सवर तरी आकडा खऱ्या आकड्याच्या 25 टक्के अलीकडे-पलीकडे यावा लागतो. तिन्हींत जी सगळ्यांत कमी, ती तुमची पातळी.

दिल्लीला गेले. दहा मिनिटं पुरेशी वाटतात, पण थिक स्मिअरचं, म्हणजे रक्ताच्या जाड थेंबाचं, एकेक फील्ड पाहत शंभर फील्ड गाठायचे, मग थिन स्मिअरवर, म्हणजे पातळ पसरलेल्या रक्तावर, जात ठरवायची, यात ती कुठे जातात कळत नाही. घंटा झाली की स्लाइड पुढच्याकडे द्यायची. निकाल आला: परजीवी ओळखण्यात 88, जातीत 75, मोजणीत 31. तिसरी पातळी. आमच्या तुकडीत पीएचडी करणारी मी एकटीच होते आणि माझ्या पुढे असलेले बहुतेक जण जिल्ह्यांतले टेक्निशियन होते.

नंतर चुकलेल्या स्लाइड्स परत दाखवल्या, तेव्हा दोन गोष्टी कळल्या. पहिली, ओव्हेल या जातीचा परजीवी मी आयुष्यात पाहिलाच नव्हता. आफ्रिकेतल्या रुग्णांच्या स्लाइड्स होत्या. पेशी लांबट, एका टोकाला कडा फाटल्यासारखी, आणि मी सगळ्यांना व्हायवॅक्स ही दुसरीच जात लिहून मोकळी झाले होते. दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागली. व्हायवॅक्स शिरलेली तांबडी पेशी फुगते आणि तिच्यावर शुफनरचे बारीक गुलाबी ठिपके दिसतात, हे पुस्तकात मी शंभरदा वाचलं होतं. दिल्लीच्या स्लाइड्सवर ते ठिपके ढळढळीत होते. आमच्याकडे मी ते जवळजवळ कधीच पाहिले नव्हते, आणि मला वाटायचं, माझीच नजर कमी पडते.

परत आल्यावर मी बफरच्या, म्हणजे रंग ज्यात कालवतो त्या पाण्याच्या, बाटलीत पीएच मीटर घातला. 6.8.

गिम्साचा रंग मलेरियासाठी 7.2 पीएचच्या पाण्यात करायचा असतो. 6.8 चा बफर पांढऱ्या पेशी पाहणाऱ्यांच्या सोयीचा; त्यात स्लाइड गुलाबीसर होते आणि शुफनरचे ठिपके उमटतच नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत कुणीतरी कधीतरी त्या बफरच्या गोळ्या मागवल्या होत्या आणि मग त्याच येत राहिल्या. वर्षभर मी चुकीच्या रंगात जाती शिकत होते. फ्रेंच डॉक्टर लाव्हेराँनी 1880 मध्ये अल्जेरियात हा जीव पहिल्यांदा पाहिला तो ताज्या रक्तात, काहीही रंग न लावता. त्यांच्याकडे रंग नव्हताच. आमच्याकडे होता आणि आम्ही तो बिघडवला होता. तेव्हापासून रंग करण्याआधी दर वेळी पीएच तपासायचा आणि रोज एक ओळखीची व्हायवॅक्सची स्लाइड सोबत रंगवायची, हा आमचा नियम आहे. तिच्यावर ठिपके आले नाहीत तर त्या दिवशीचं काही वाचायचं नाही.

पुढचे चौदा महिने मी रोज सकाळी दहा स्लाइड्स वाचल्या. स्वयंपाकघरातला टायमर दहा मिनिटांवर लावून. कुणीतरी दुसऱ्याने क्रमांक बदलून ठेवलेल्या, त्यातल्या निम्म्या निगेटिव्ह. निगेटिव्ह वाचणंच सगळ्यांत अवघड, कारण काहीतरी सापडलंच पाहिजे असं डोळ्यांना वाटत राहतं. वहीत चूक लिहायची आणि ती स्लाइड आठवड्याने परत पाहायची.

मोजणी मला भाऊंनी शिकवली. डाव्या हाताच्या काउंटरवर पांढऱ्या पेशी, उजव्या हातात परजीवी. 200 पांढऱ्या पेशींत परजीवी शंभर किंवा जास्त झाले तर थांबायचं, नाहीतर 500 पर्यंत जायचं. माझी चूक त्यांना दोन मिनिटांत दिसली. “मॅडम, तुम्ही चांगली जागा पाहून सुरू करता.” परजीवी छान दिसतील अशा फील्डवर मी नकळत जात होते, म्हणून माझा आकडा नेहमी चढा यायचा. फील्ड निवडायचं नाही, स्मिअरवर ओळीने सरकत राहायचं. गॅमेटोसाइट, म्हणजे डासात जाऊन पुढे वाढणारी परजीवीची नर-मादी रूपं, मोजायचे नाहीत. फॅल्सिपेरमचे ते केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइट औषधानंतरही बरेच दिवस रक्तात दिसू शकतात. सातव्या दिवशी कुणी ते मोजणीत धरले, तर बरा झालेला रुग्ण कागदावर उपचार फसलेला ठरेल.

पावसाळ्यात स्लाइड करणं हेही एक कसबच आहे. थिक स्मिअर दमट हवेत वाळता वाळत नाही, आणि वाळेपर्यंत माश्या येऊन रक्त खाऊन जातात. थेंबाच्या मधोमध भोकं पडलेली स्लाइड हाती येते. भाऊ स्लाइड्सवर जाळीचं झाकण पालथं घालायचे, भाकरीवर घालतात तसं. मिथेनॉल फक्त थिन स्मिअरला लावायचं. त्याची वाफ जरी थिकला लागली तरी तांबड्या पेशी फुटत नाहीत आणि खालचं काही दिसत नाही, म्हणून स्लाइड तिरकी, थिन खाली धरून. पुस्तकात हे एका ओळीत असतं. मी मात्र कितीतरी स्लाइड्स वाया घालवल्या.

दुसऱ्यांदा दिल्लीला गेले तेव्हा निकाल आला 95, 90 आणि 56. जातीत एक स्लाइड आणखी चुकली असती तर पहिली पातळी गेली असती. ओव्हेल दोन्ही ओळखले.

पुढे पीएचडी झाली, अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर काम केलं, मधले पाच महिने पगाराशिवाय काढले, मग संशोधकाची कायम जागा मिळाली. या रस्त्यावर पैशाची ओढाताण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. पण मुलाखतीत मला सगळ्यांत जास्त विचारलं गेलं ते त्या प्रमाणपत्राबद्दल. मलेरियाच्या औषधांवर अभ्यास करणारे पुष्कळ मिळतात, ज्याच्या वाचनावर विसंबता येईल असा वाचक कमी मिळतो. आणि दिवसेंदिवस आणखी कमी मिळेल. रुग्ण घटले की टेक्निशियनला महिनोन्महिने पॉझिटिव्ह स्लाइड दिसत नाही आणि डोळा विसरतो. 1965 साली या देशात मलेरियाचे रुग्ण एक लाखाच्या आसपास आले होते. 1976 मध्ये ते 64 लाखांच्या वर गेले. आता 2030 पर्यंत मलेरिया संपवायचं उद्दिष्ट आहे, आणि शेवटचे थोडे रुग्ण शोधणारे डोळे आपण याच काळात गमावू, ही भीती मला वाटते.

ज्या माणसाने मला शिकवलं, त्यांना पंचवीस वर्षांत एकदाही या परीक्षेला पाठवलं गेलं नव्हतं, याचा मला राग येतो. मी दोन वर्षं अर्ज लिहिले. जागा कमी, भाऊंच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली, मग खर्च कशाला, अशी उत्तरं यायची. माझं म्हणणं एकच होतं, ते अजून दहा जणांना शिकवतील. यंदा त्यांचं नाव यादीत आलं.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा दिल्लीहून फोन आला. गुण विचारायचे नाहीत असं मी ठरवलं होतं, आणि विचारायची वेळही आली नाही.

“मॅडम, ओव्हेल पाहिला जी आज,” ते म्हणाले. “पहिल्यांदा. कडा अशी फाटलेली, तुम्ही सांगितली होती तशीच. घंटा झाली तरी स्लाइड सोडवत नव्हती.”