खदान, पाणी आणि माझा थिसिस

आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाला थिसिससाठी मी कांदिवली पूर्वेची एक बंद, पाण्याने भरलेली खदान निवडली, तेव्हा गाइड सरांनी एवढंच विचारलं, “मोजणार कशी?” मला प्रश्न किरकोळ वाटला. डोक्यात ब्रागा होतं. पोर्तुगालमधलं हे स्टेडियम एदुआर्दो सौतु द मौरा यांनी २००३ साली दगडखाणीत बसवलं. प्रेक्षक फक्त दोन बाजूंना आणि एका गोलमागे थेट उभा कातळ. तसंच काहीतरी करायचं, एक खुला रंगमंच, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

कागदपत्रांत दोन महिने गेले. मालमत्ता पत्रक मिळवायला एका कार्यालयात पाच खेपा घातल्या, दर वेळी खिडकी वेगळी. हातात आलेल्या नकाशावर दोन प्लॉटमधली हद्द सरळ पाण्यातून गेलेली. टेकडी होती तेव्हा आखलेली ती रेघ, टेकडी गेली तरी तिथेच.

मोजणी मात्र खरंच अवघड निघाली. कड्याजवळ टेप धरायला कुणी धजावेना, म्हणून उधारीवर लेझर मीटर आणलं. पाण्याची खोली वस्तीतल्या पोरांनी मोजून दिली. ट्यूबवर बसून दोरीला दगड बांधून सोडायचा, दोरीला दर मीटरला गाठ. मी काठावर वही घेऊन, आणि ते ओरडून सांगायचे, “ताई, अकरा!” सगळ्यात खोल जागी चौदावी गाठ भिजली.

तिथेच एक काका भेटले, वडार समाजातले. खदान चालू असताना घण मारलेले, सुरुंगाची भोकं पाडलेले. कातळावर ती भोकं अजून दिसतात, उभ्या अर्ध्या नळ्यांसारखी. काकांनी पहारेने दोन ठिकाणी ठोकून दाखवलं. एका जागी खणखणीत आवाज आला, दुसऱ्या जागी भद्द. “हा सुटलेला हाय. सुरुंगानं आतून चिरलाय.” बाहेरून दोन्ही दगड सारखेच. वर्षभर वर्गात शिकले नव्हते ते पाच मिनिटांत कळलं.

पहिल्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, रंगमंच पार बुडाला, अगदी शब्दशः. एका मॅडमनी विचारलं, “जुलैत पाणी कुठे असतं?” मी फेब्रुवारीची पातळी धरून आखलं होतं. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि खदानीतून पाण्याला बाहेर पडायची वाटच नाही. परत जाऊन पाहिलं तर कातळावर पावसाळ्यातल्या पाण्याची पांढरट रेघ सरळ दिसत होती, माझ्या रंगमंचाच्या दीड मीटर वर. इतके दिवस तिच्याच समोर बसून डबा खात होते.

त्याच मॅडमनी चीनमधल्या जिन्युनच्या खाणी पाहायला सांगितल्या. शू थ्यानथ्यान या वास्तुविशारद बाईंनी तिथे एका खाणीत वाचनाची जागा केली, एकीत सादरीकरणाची. कातळ जवळपास तसाच ठेवला. मीही हुरळले. पण तो मऊ टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा दगड, हातांनी कापलेला. आपला काळा बसाल्ट सुरुंगाने फोडलेला, त्याच्या पायथ्याशी माणसं बसवायची तर आधी सुटे दगड उतरवणं, बोल्ट, जाळी आणि मधे मोकळी पट्टी. (काळा घोड्याच्या म्युझियमला कुर्ला आणि मालाडचाच दगड लागलाय. इमारतीचे फोटो सगळे काढतात, खड्ड्याचे कुणी नाही.)

शेवटी उत्तर बाणगंगा तलावावर सापडलं. वाळकेश्वरला पायऱ्यांवर बसले होते. पाणी चढो की उतरो, कुठली तरी पायरी काठाची असतेच. रंगमंच खोडला. भरीव कातळाच्या बाजूला पायऱ्या, पोरांसाठी चार फूट खोलीचा बांधीव टप्पा, कपडे धुवायला वेगळा घाट आणि वर एक लांब छप्पर. इमारत म्हणावी असं फारच थोडं उरलं. सर म्हणाले, “आता ड्रॉइंग कमी दिसतील, मार्कांचं बघ.”

सबमिशनच्या चार दिवस आधी शीट काकांना दाखवायला नेली. त्यांनी उलटी धरली, मग सुलटी. बोट बरोबर प्रवेशद्वारावर ठेवलं.

“हितनं माणसं आणणार? वर बघितलंस का?”

मी तिथे ठोकून पाहिलंच नव्हतं. प्रवेश पश्चिमेला नेला, दोन रात्री जागून सगळे सेक्शन, म्हणजे उभ्या छेदाची ड्रॉइंग, पुन्हा काढले. मार्क बरे पडले. मॉडेलवर प्रवेश अजून जुन्याच जागी चिकटवलेला आहे, ते बदलायला वेळ उरला नाही.