घुटना

आमच्या कोल्हापूर साईडला कुणी सांगितलं की मी कुस्तीचा कोच आहे, तर समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला, "एनआयएस केलंय का?" एनआयएस म्हणजे पतियाळाची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स. १९६१ ला तिथल्या महाराजांच्या मोतीबाग राजवाड्यात सुरू झालेली संस्था, तिथला डिप्लोमा केला की माणूस कोच म्हणून पक्का, असं अख्ख्या देशात धरलं जातं. मला वर्षभर तालीम सोडून जाणं शक्य नव्हतं म्हणून मी सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स केला, आणि खरं सांगायचं तर कागदासाठीच केला. वीस वर्षं लाल मातीत घातलेली, मला आता कोण काय शिकवणार, असा एक माज होताच.

पहिले पंधरा दिवस फिजिऑलॉजी, बायोमेकॅनिक्स, सायकॉलॉजी. डोकं दुखायचं पण ऐकायला बरं वाटायचं. वजन घटवण्याच्या लेक्चरला २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधली पैलवान विनेश फोगाटची केस निघाली, वजन १०० ग्रॅम जास्त भरलं नि फायनल गेली, तेव्हा वर्गात कुणी हूं की चूं नाही केलं. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी पोरांना मॅचच्या आदल्या रात्री स्वेटर घालून पळवलेलं आहे, बोलणार काय.

तर तो दिवस. टीचिंग प्रॅक्टिस होती. प्रत्येकानं दुसऱ्या खेळाच्या कोच लोकांना आपल्या खेळातली एक गोष्ट वीस मिनिटांत शिकवायची, आणि कोपऱ्यात एकजण मोबाईलवर सगळं शूट करणार. मुद्दाम मिक्स ग्रुप. माझ्या वाट्याला आठजण आले, त्यात उत्तर प्रदेशचे एक हॉकीवाले, हरियाणाच्या एक बॉक्सिंगच्या मॅडम आणि मणिपूरच्या एक वेटलिफ्टिंगच्या मॅडम, बाकीच्यांचं इथं काही काम नाही.

मी विषय घेतला एकेरी पट, म्हणजे खाली घुसून समोरच्याचा एक पाय धरायचा नि त्याला पाडायचं. आपला हातखंडा. उभं राहून सुरुवातच केली खाशाबा जाधवांपासून, १९५२, हेलसिंकी, ब्राँझ, मग आमच्या तालमी, मग माती नि मॅटमधला फरक, मग म्हटलं आता पट कसा काढायचा. आणि हिंदीत ओरडलो, "चलो, पट!" तर हॉकीवाले भाऊसाहेब सरळ पोटावर झोपले. त्यांच्या हिंदीत चित म्हणजे पाठीवर नि पट म्हणजे पालथं, त्यांचं काय चुकलं? सगळे हसले, मीपण हसलो, त्यात अजून दोन मिनिटं गेली.

वेटलिफ्टिंगच्या मॅडमची पाठ बघून मात्र मी खूश झालो. पट काढताना नवीन पोरगं हमखास कंबरेत वाकतं, डोकं खाली जातं आणि समोरचा वरून बसतो. ह्यांची पाठ बार उचलून उचलून अशी सरळ झालेली की खाली बसल्या तरी छाती वर. फक्त डोकं बाहेरच्या बाजूला जात होतं. मी "सर अंदर, सर अंदर", म्हणजे डोकं आत, करत बसलो, प्रत्येक वेळी थांबवून पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचो, पाय कुठं, हात कुठं, हनुवटी कुठं. बॉक्सिंगवाल्या मॅडम समोर पाय देऊन उभ्याच. वीस मिनिटं संपली, टाळ्या पडल्या, मी घाम पुसत बाहेर आलो, म्हटलं मस्त झालं.

दुपारी व्हिडिओ लावला. आमचे शिकवणारे सर फार कमी बोलायचे, त्यांनी नुसतं स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं नि म्हणाले, तुम्ही बोलत असाल तेव्हा चालू, गप्प झालात की बंद. शेवटी आकडा आला १३ मिनिटं २० सेकंद. वीसपैकी! मॅटवरची अख्खी कुस्ती सहा मिनिटांची असते, तीन अधिक तीन, मधे ३० सेकंद गॅप. तेवढ्यात पोरगं पाणी पिणार, दम घेणार, आणि कोचचं एखादं वाक्य कानात गेलं तर गेलं. इथं मी दोन कुस्त्या होतील एवढं बोललेलो, आणि वेटलिफ्टिंगच्या मॅडमनी पट काढला होता एकूण सहा वेळा. सरांनी एवढंच सांगितलं की प्रत्येक वेळी लगेच चूक सांगितली तर शिकणारा स्वतःच्या अंगाकडं लक्षच देत नाही, तुमच्या तोंडाकडं बघत बसतो.

इथपर्यंत ठीक होतं. लाज वाटली पण ठीक. मग सरांनी व्हिडिओ मागं नेला, पाचव्या मिनिटाच्या आसपास, आणि आवाज वाढवला.

मॅडम स्वतःच्या उजव्या पायाला हात लावून म्हणतायत, "सर, घुटना..."

आणि मी, मान हलवत, हसत, "हाँ हाँ, घुटना भी सिखाएंगे, पहले पट."

आता कुस्तीतल्या लोकांना सांगायला नको, घुटना हा आपल्याकडं डाव आहे. पेपरात रोज छापून येतं, घुटना डावावर चितपट. माझ्या डोक्यात तोच. बाईंचा गुडघा दुखत होता, जुनी दुखापत, आणि मी त्यांना त्याच गुडघ्यावर सहा वेळा मॅटवर टेकवलं, वर पाठीचं कौतुक केलं. पुढच्या व्हिडिओत दिसतं की प्रत्येक वेळी उठताना त्या डाव्या हातानं रेटा देऊन उठतायत. डोकं बाहेर का जात होतं तेपण मग कळलं, उजव्या पायावर वजन नको म्हणून अंग डावीकडं कलत होतं. मी वीस वर्षांचा अनुभव घेऊन त्यांचं डोकं सरळ करत होतो!

त्यांना जाऊन सॉरी म्हटलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "कोई बात नहीं सर, हमारे यहां भी ऐसे ही होता है." हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं, पण नाही वाटलं.

संध्याकाळी सरांनी परत दहा मिनिटं दिली. अट एकच, एका वेळी एकच गोष्ट सांगायची, आणि ती तीन शब्दांत. आधी विचारलं कुणाला काय दुखतंय, तर आठात तीन हात वर. मॅडमना डावा गुडघा टेकायला लावला नि एवढंच म्हटलं, "कान पसली पर." समोरच्याच्या बरगडीला कान लागला की डोकं आपोआप आत येतं, बाकी काही सांगावं लागत नाही. चौथ्या वेळेला बॉक्सिंगवाल्या मॅडम धप्पकन खाली. मी गप्प उभा होतो, आणि गप्प उभं राहणं किती जड जातं ते तेव्हा कळलं, हात पाठीमागं बांधून ठेवले होते अक्षरशः.

रात्री मेसमधे राजमा समोर होता पण जेवण जाईना. तालमीतला एक सतरा वर्षांचा पोरगा आठवत होता. गेले दोन महिने समोरच्याच्या काखेत उजवा हात घालायचाच नाही, मी त्याला सगळ्यांसमोर आळशी म्हणायचो, जोर वाढवायला लावायचो. एकदा तो काहीतरी सांगायला आला होता हे नक्की आठवतं. काय सांगायला आला होता ते आठवेना.

बाहेर आलो, फोन लावला. म्हटलं, "काय रे, खांदा दुखतोय का तुझा?"

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाला, "कुठला विचारताय वस्ताद, डावा का उजवा?"