विरी

यूएसपी हा शब्द मी बारा वर्षं लहान उत्पादकांना समजावतो आहे. मला स्वतःला तो नीट कळला यावल तालुक्यातल्या एका बचतगटात, कळण्याच्या, म्हणजे एका खान्देशी भाकरीच्या, पिठाच्या ढिगाशेजारी.

गटाला पाकिटासाठी एक ओळ हवी होती. मी ती जळगावहून लिहूनच नेली: ‘अस्सल खान्देशी चव’. गटाच्या आक्कांनी फळीवरून दुसऱ्यांची तीन पाकिटं काढून माझ्यापुढे ठेवली. तिन्हींवर ‘अस्सल’ होतं.

“मग आपलं निराळं काय, भाऊ?”

यूएसपी म्हणजे युनिक सेलिंग प्रपोझिशन. अमेरिकी जाहिरातकार रोसर रीव्हज यांनी १९६१ साली त्याच्या तीन अटी मांडल्या. घेणाऱ्याला नेमका फायदा सांगा. तो इतर कुणी देत नसावा, निदान सांगत तरी नसावा. आणि त्यासाठी लोकांनी नेहमीचा माल सोडून तुमच्याकडे यावं, इतका तो मोठा असावा. माझी ओळ पहिल्याच अटीवर पडत होती. तिच्यात फायदाच नव्हता.

पुण्याची गिऱ्हाइकं पीठ पुन्हा का मागवतात, असं मी विचारलं. भरितासोबत खायला, असं सगळ्यांचं मत पडलं. पीठ चाळणारी एक सून मात्र हळूच म्हणाली, “माझी नणंद हडपसरला असते. तिची ज्वारीची भाकरी थापतानाच तुटते. कळण्याची नाही तुटत.”

कळण्यात ज्वारीबरोबर अख्खे उडीद दळलेले असतात. त्यांच्या चिकटपणाने पीठ धरून राहतं. हे गावात इतकं रोजचं, की सांगण्यासारखं कुणाला वाटलंच नव्हतं. त्या तीन पाकिटांवरही ते नव्हतं. मी लगेच वहीत लिहिलं: ‘थापताना तुटत नाही.’

आक्कांनी ओळ वाचली, पण होकार दिला नाही. “आज दळलेलं नाही तुटत. दुकानात दोन महिने पडलं, विरी गेली, मग?”

विरी म्हणजे पिठाचा धरून राहण्याचा गुण. इतक्या वर्षांत एकाही मालकाने मला असं काही विचारलं नव्हतं. पुढे बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. छपाई थांबवली. आक्कांनी त्याच दळणाची सहा पाकिटं बंद केली, तारीख टाकली आणि चुलीपासून लांब, फळीवर ठेवली. दर पंधरवड्याला एक फोडायचं, भाकरी थापून बघायची. ज्या पाकिटाची तुटेल, त्याच्या आधीच्या पाकिटाएवढी मुदत छापायची.

पहिलं पाकीट फोडतील त्या दिवशी मी यावलला असेन.