जुन्यांनी काय घोडं मारलंय?

"या वेळी बायकोच्या मोबाइलवरून कर. नवं खातं, पहिल्या बुकिंगची सवलत मिळेल." काल रात्री आंजर्ल्यात ओटीवर बसलेला एक पाहुणा मित्राला फोनवर समजावत होता. घरात जितके नंबर, तितक्या सवलती.

घरमालकीण काकू सोलकढीचे पेले मांडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे दरवर्षी येणाऱ्याला पूर्ण भाडं आणि कधीच न आलेल्याला सूट? जुन्यांनी काय घोडं मारलंय?"

ओटीवर कुणाकडेच उत्तर नव्हतं. फोनवाला जरा हळू बोलायला लागला, एवढंच.

मुक्कामाच्या जागा बुक करून देणाऱ्या कंपन्यांचा हिशेब तसा कळतो. एकदा ॲप उतरवलं, कार्डाचा नंबर भरला, की माणूस पुढच्या सुट्टीतही तिथेच शोधतो. त्यासाठी पहिल्या खेपेला गूळ लावायचा. पण प्रत्येक सूट कंपनीच्या खिशातून जात नाही. एअरबीएनबी या घरं मुक्कामाला देण्याच्या साइटवर नवं घर नोंदवलं की पहिल्या 3 बुकिंगना 20 टक्के सूट द्यायचा पर्याय मालकासमोर येतो. ती कापली जाते त्याच्याच भाड्यातून. मे महिना, गणपती आणि दिवाळीच्या सुट्टीवर वर्ष काढणाऱ्या घराला हे जाणवतंच.

काकूंची रीत उलटी. नव्याला ठरलेलं भाडं, ओळखीच्याला निघताना आमसुलं आणि फणसपोळी. हिशेबाच्या वहीत याची नोंद नाही (मी मुद्दाम विचारलं).

तुमच्यापैकी कुणाला "पाचव्यांदा आलात" म्हणून कुठल्या साइटनं कूपन दिलंय का?